तेलातलं चौथं माप

ताज्या तिळाच्या तेलाला एक ऊब असते. घाण्यातून नुकतंच उतरलेलं, पितळी वाटीत निवळत ठेवलेलं ते तेल सकाळच्या कोवळ्या उन्हात धरलं की आधी येतो भाजल्या धान्यासारखा मंद दरवळ, आणि मग त्या दरवळाच्या तळाशी दडलेला किंचित कडवटपणा. हा वास मी जन्मापासून अंगावर वागवत आलो. आमचा घाणा नांदेडात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. निजामाच्या राज्यातल्या आमच्या शाळेत उर्दूच्या पुस्तकाची पानंदेखील माझ्या बोटांनी तेलकट व्हायची, आणि मौलवीसाहेब हसून म्हणायचे, "तुमची किताब कधी भिजायची नाही, मियाँ!" माणसाचा चेहरा खोटं बोलतो, जीभ तर बोलतेच बोलते, पण वासाला कधी खोटं बोलता आलं आहे का? मला एके काळी वाटलं होतं, येतं. त्याचीच ही गोष्ट.

मी फार बोलणारा माणूस नव्हे. बैल गोल फिरतो, उखळात फिरणारी लाकडी लाट करकरते, तेल थेंबाथेंबानं उतरतं आणि घाणेवाला गप्प बसून राहतो. ही शांतता लोकांना सात्त्विक वाटते. तिच्या आड काय काय ठेवता येतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक!

लग्नानंतर नऊ वर्षांनी आमच्या घरी मुलगी झाली. नदीकाठची, म्हणून गोदावरी. हाक मारायला गोदू. तिला न्हाऊ घालायला भिवरामावशी येऊ लागली. गल्लीतल्या निम्म्या माणसांची पहिली आंघोळ तिच्या हातची. मावशी पाय लांब करून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची, आणि तिचे ते रापलेले, रुंद तळवे त्या इवल्या पाठीवरून असे फिरायचे, जणू एखादा मूर्तिकार ओल्या मातीला अखेरचा हात देतो आहे. माझी पत्नी अनसूया दाराला टेकून बघत राहायची. नऊ वर्षं जिला गल्लीनं नाना तऱ्हेची बोलणी ऐकवली, तिच्या डोळ्यांत तेव्हा केवढं चांदणं असे!

तिसऱ्या महिन्यात गोदूच्या गालांवर लाली आली. नजर लागण्याजोगं तेज म्हणून आम्ही कौतुक केलं, काजळाची तीट मोठी केली. पण ती लाली खरखरीत झाली, मग ओली झाली, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्यांत उतरली. वैद्य म्हणाले, इसब. हकीमसाहेबांनी मलम दिलं. कडुलिंबाचा पाला उकळून झाला, हळद झाली. लेकरू मात्र खाजवून खाजवून रक्त काढी. शेवटी अनसूयानं माझं जुनं मऊ धोतर फाडून तिच्या हातांना पिशव्या शिवल्या. त्या पिशव्यांतल्या मुठी गालावर घासल्याचा तो कोरडा, अविरत आवाज! लाटेच्या करकरीतही मला तो ऐकू यायचा.

आता जे सांगायचं ते सांगतो. त्या साली तिळाचं पीक बुडालं होतं आणि भुईमूग मात्र गाड्यागाड्यांनी बाजारात येऊन पडत होता. मी चार मापांत तीन मापं तीळ आणि चौथं माप शेंगदाणे घाण्यात घालू लागलो. विकताना म्हणायचो, अस्सल तिळाचं. रंगात फरक कळत नसे, वास तीळच राखत. आणि घरात? घरातही तेच तेल जाई. वेगळं काढून ठेवायचं तर का, हे सांगावं लागलं असतं. माझ्या बायकोपासून आणि आईपासून माझी लबाडी लपावी, म्हणून माझ्या लेकीच्या अंगाला रोज सकाळी मी तीच लबाडी चोळू दिली.

शेंगदाण्यानं कुणाच्या अंगाला बाधा होते, हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं. खरंच नव्हतं. पण एका सकाळी भिवरामावशी वाटी घेऊन घाण्याशी आली, दोन बोटांत तेल चोळत म्हणाली, "मालक, तेल बदललं का हो?"

"न्हाई. का?"

"तिळाचं तेल हातात जिरतं. हे तळव्यावर रेंगाळून राहिलंय. अन् ह्या तेलापासनंच पोरगी लाल होऊन राहिली, मला तरी आसं वाटतंय."

मी बैल हाकला आणि म्हणालो, "नवा हंगाम हाय, मावशी. तीळ ओले आले असतील." ती वाटीकडे बघत परत गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं तिला अंगणातच अडवलं. "भिवरे, धा घरची पोरं धुतीस. कुणाची खरूज आणलीस आमच्या लेकराला?"

"माय, ह्या हातानं आजवर एका लेकराला पुळी उठली न्हाई."

"उठली की! दिसत न्हाई का? उद्यापासून येऊ नको."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द मी बोलायला हवा होता, एकच. मी बैलाच्या डोळ्यांवरची झापड नीट करत राहिलो. आणि ऐका, कारण हे मी कैक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं: ती निघून गेली तेव्हा मला दुःख झालं नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. तेल ओळखणारे हात घरातून गेले होते.

त्यानंतर अनसूया स्वतः लेकीला न्हाऊ घालू लागली. आईचीच माया ती, तिनं तेल दुप्पट चोपडलं. जखमांवर तेच तेल, भेगांवर तेच तेल. आजार मायेच्याच वाटेनं आत शिरत होता, आणि वाट मी करून दिली होती. तिकडे भिवरामावशीला एकामागून एक घरं बंद झाली. तेल्याच्या लेकीला तिच्या हातानं खरूज झाली, हे पाणवठ्यावर पोचायला कितीसा वेळ लागतो?

सातव्या महिन्यात गोदूचं उष्टावण केलं. अर्धापुराहून अनसूयाचा भाऊ केळीचा घड घेऊन आला होता. मामानं खीर चाटवली. सगळे खुशीत होते. तेवढ्यात माझ्या आईनं लाडानं गूळ-शेंगदाण्याच्या लाडवाचा कण नातीच्या जिभेवर ठेवला. पोरीनं मिटक्या मारल्या, आणि बघता बघता तिचे ओठ गांधीलमाशी डसल्यासारखे फुगले. डोळे मिटत आले. अंगभर लाल चट्टे उठले, श्वासाला शिट्टी लागली. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत माझं लेकरू निळसर होत चाललं होतं. मामानं तिला उलटं धरलं, ती भडाभडा ओकली. कितीतरी वेळानं, खरं तर काही पळांनीच, तिनं टाहो फोडला. जगात त्याहून गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

लाडवाचं ताट समोरच होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. शेंगदाणा! तळव्यावर रेंगाळणारं ते तेल! त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईच्या हातांना जे कळलं होतं, ते मला, चार बुकं शिकलेल्याला, लेकीचा श्वास अडकेपर्यंत कळू नये?

मी तसाच अनवाणी भिवरामावशीच्या घरी गेलो. ती दारात गोधडी शिवत होती. मी एवढंच म्हणालो, "मावशी, तेलात भुईमूग होता. पोरगी मरता मरता राहिली." मला वाटलं, शिव्या देईल. ती सुई गोधडीत खोचून उठली. "चला. पोरीसाठी येऊन राहिले, तुमच्यासाठी न्हाई." घरी मी अनसूयाला आणि आईला खालच्या आवाजात भेसळीचं सांगितलं. तेवढंच; मावशीनं आधीच मला सावध केलं होतं, हे पोटातच ठेवलं. अनसूयानं तेलाचा डबा उचलला आणि उकिरड्यावर उपडा केला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मावशीनं तोंड उघडलं असतं तर माझं उरलंसुरलं तिथंच उघडं पडलं असतं. तिनं उघडलं नाही. तिच्या त्या मोठेपणानं माझं तोंड दहा वर्षं बंद केलं.

मग सुरू झाली एक लढाई, आणि सेनापती भिवरामावशी! मी म्हणालो, "आता निव्वळ तीळ गाळतो." ती म्हणाली, "ह्याच घाण्यात? लाकूड पितं, मालक. हंगामभर भुईमूग पेलंय ते." खरंच होतं. आजोबांच्या वेळचं ते लाकडी उखळ मी उपटून काढलं. सुतारानं नवं कोरलं, लाटही नवी केली. त्या दिवसापासून शेंगेचा एक दाणा माझ्या अंगणात आलेला नाही. पहिल्या घाण्याचं तेल मावशीनं तळहातावर घेतलं, चोळलं, हुंगलं. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. "हाव," ती म्हणाली, "आता तीळ हाय." पण लगेच गोदूला नाही लावलं, आधी मनगटावर मुगाएवढा ठिपका, आणि दोन दिवस वाट. तिथली कातडी गोरीच राहिली!

खाण्याचंही तसंच. एका वेळी एकच नवा पदार्थ, बोटाच्या टोकाएवढा. चार दिवस तोच, मग दुसरा. ज्वारीच्या कण्या सोसल्या. मुगाचं पाणी सोसलं. अर्धापुरी केळं तर असं सोसलं, की मामा दर आठवड्याला घड पाठवू लागला. म्हशीच्या दुधानं मात्र गाल पेटले. ते पुढं तीन वर्षं वर्ज्य झालं. आंघोळीला कोमट पाणी, पुसायला घासणं नाही, मऊ फडक्यानं नुसतं टिपणं. अनसूया अंगावर पाजत होती, म्हणून तिनंही शेंगदाण्याचं कूट सोडलं. आमच्या मुलुखात कूट नसलेली भाजी खाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल! "भाजी हाय का पाणी?" म्हणत माझ्या आईनं पहिले दोन दिवस नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी उरलेल्या शेंगांचं गाठोडं तिनंच शेजारी देऊन टाकलं, आणि त्याच दिवशी मावशीला अंगणात पाट मांडून चहा दिला. आईला माफी मागता येत नव्हती. पाट मांडता येत होता.

हिवाळा सरला, आणि एका सकाळी अनसूयानं गोदूच्या हातांच्या पिशव्या सोडल्या. दहा बोटं उघडी झाली. पोरीनं आपल्याच बोटांकडे नवलानं पाहिलं, एक हात गालाकडे नेला. आम्ही श्वास रोखला. तिनं गाल खाजवला नाही. मावशीचं नाक धरलं आणि खदखदून हसली. केळीच्या कोवळ्या पानासारखी तिची पाठ उन्हात झळाळत होती. राज्याभिषेक झालेल्या राजालाही एवढा विजय कधी लाभला असेल का?

आज गोदू अकरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात लातूरला नात्यातल्या लग्नात, पंगतीत तिनं वाढप्याला अडवलं. "ह्या भाजीत कूट हाय का?"

"चिमूटभर हाय की. चिमटीनं कुणी मरतंय व्हय, पोरी?"

"मरतंय. तुम्ही न्हाई मरणार, मी मरन. दुसरं वाढा!"

पंगत हसली. ती मात्र लाजली नाही, पानावर आडवा हात धरून ताठ बसून राहिली. अकरा वर्षांच्या पोरीला जे सहज साधलं, ते मला एवढ्या वयात का साधू नये? परतीच्या मोटारीत तिनं विचारलं, "आण्णा, मला हे कशानं झालं?" आणि मी तिला सगळं सांगितलं. चौथं माप, मावशीचा सावधगिरीचा शब्द, माझं गप्प राहणं, आणि ते सुटल्यासारखं वाटणंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशीची माफी मागितली?"

"तेलाचं तेवढं कबूल केलं. गप्प राहिल्याची न्हाई."

"मग मागा की."

किती सोपं! दुसऱ्या दिवशी तिनंच मला हाताला धरून नेलं. भिवरामावशी आता थकली आहे, पण दारात पाय लांब करून पणतीला न्हाऊ घालत होती, आणि ती पणती गल्ली डोक्यावर घेत होती. मी उंबऱ्यापाशी बसलो, मान खाली घातली आणि हळू आवाजात सुरुवात केली. मावशीचे हात थांबले नाहीत. "ऐकू न्हाई येऊन राहिलं, मालक," ती म्हणाली, "ही भवानी बघा कशी बोंबलून राहिली. मोठ्यानं सांगा."

मी जरा आवाज चढवला. "अजून मोठ्यानं!"

मग मी, जन्मभर न बोललेला माणूस, भर सकाळी त्या गल्लीत ओरडून म्हणालो, की मावशीच्या हातात दोष नव्हता, दोष माझ्या तेलात होता. ते तिनं मला आधीच सांगितलं होतं. आणि तिला हाकललं तेव्हा मी गप्प राहिलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. समोरच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. पाण्याला निघालेली एक जण घागर कमरेवर तशीच धरून थबकली. गोदू माझ्या शेजारी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, शपथेवर सांगतो, अभिमान होता.

पणती केव्हा गप्प झाली, मला कळलंच नाही. मावशीनं तिला फडक्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि साऱ्या गल्लीकडे एकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हां. आता आलं ऐकू."