व्हर्डेलच्या मागचं बाक

हार्पर्स बेंड गावातल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बाई कोसळली की तिला धरायला व्हर्डेल गेन्सच हवी, यावर पाद्रीबुवांपासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. गाणं चढत जायचं, कुणाच्या तरी अंगात आत्मा संचारायचा, ती हात वर करून किंचाळायची आणि मागे जायची. जमिनीला टेकायच्या आत पांढऱ्या हातमोज्यांतले दोन रुंद हात तिच्या काखेत आलेले असायचे. मग तिचा चष्मा काढून खिशात, झगा वर सरकलाच तर म्हणून मांडीवर पांढरा रुमाल, आणि तोंडावर कागदी पंख्याचा वारा. "रड बाई, रड. मी धरलंय," व्हर्डेल कानाशी म्हणायची. चर्चमध्ये सेविका पुष्कळ होत्या, पण बाकीच्या जणी पडणाऱ्या बाईबरोबर स्वतःच धडपडायच्या.

व्हर्डेल स्वतः मात्र तिथे कधी पडली नाही. एकदा तरी पडावं, कुणीतरी धरावं, असं तिच्या फार मनात होतं. हे एका माणसाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

लहानपणी आजी तिला चुलीजवळ बसवून तापवलेल्या फणीनं तिचे केस सरळ करायची आणि त्याबरोबर तिलाही सरळ करायची. "गुडघे जुळव. हसताना दात किती दाखवतेस! बाईमाणसाचा आवाज शेजारच्या खोलीत जाता कामा नये." केस झाले की तीच आजी म्हणायची, "ऊठ आता, ती पिठाची पोती आत आण. तू दणकट आहेस." धाकटी बहीण लुव्हेनिया नाजूक चणीची आणि रंगानं उजळ. तिचा गुडघा खरचटला तर सगळं घर गोळा व्हायचं. व्हर्डेलचा खरचटला तर आजी मान वर न करता म्हणायची, "तुला काय धाड भरलीय!"

पुढे जन्मभर तेच. इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला लागली, तर तिथली गोरी मुकादमीण म्हणायची, "व्हर्डेल, तुझा सूर जरा चढाच असतो. हसून बोलत जा." आणि ओल्या चादरींची गाठोडी उचलायची वेळ आली की हाक तिलाच. बाळंतपणात कळांनी जीव चालला असताना गोरी नर्स म्हणाली होती, "तुमच्यातल्या बायका सोसतात," आणि दार ओढून निघून गेली. नाजूक वाग असं तिला सगळेच सांगायचे. तिला नाजूकपणे वागवावं हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे. काळ्या बाईला हा न्याय लावताना घरचे आणि दारचे एवढे एका मताचे कसे होतात, देव जाणे.

अपवाद एकच, तिचा नवरा अमॉस. लाकडाच्या वखारीत कामाला, तिच्याहून चार बोटं ठेंगणा. रविवारी चर्चहून आल्यावर तो तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायचा. "बस गं जरा, व्हर्डी. जग काही कोसळत नाही." त्याच्यासमोर ती पोटभर रडायची, उगीच रडायची, कधीकधी नुसतं स्वयंपाक बिघडला म्हणूनसुद्धा.

शेवटच्या आजारपणात अंथरुणावरून तो म्हणाला, "माझ्या मातीच्या दिवशी तू ड्युटीवर नाहीस हां. हातमोजे घरी ठेवायचे. चांगली रड, पड. कोण कोण धरतंय ते मला वरून बघायचंय."

"मला धरायला चार पुरुष लागतील."

"सहा," अमॉस म्हणाला. "चाराचा हिशेब तुझ्या लग्नातल्या अंगाचा झाला."

हसता हसता तिनं त्याला वचन दिलं. असलं वचन याआधी तिच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी जोनेल, डेट्रॉइटला बस चालवायची. तिला अमॉससारखं वाढवायचं असं व्हर्डेलनं ठरवलं होतं, आणि वाढवलं आजीसारखं. शाळेतल्या पोरांनी 'घोडी, घोडी' म्हणून चिडवलं, तेव्हा लेक रडत घरी आली होती. व्हर्डेलनं तिला जवळ घेतलं नाही. "डोळे पूस. बाहेर पडलीस तर कोण उचलणार आहे तुला?" लेकीनं डोळे पुसले ते कायमचेच. त्यानंतर आईसमोर ती रडली नाही, आणि हळूहळू आईशी फारसं बोलेनाशीही झाली. व्हर्डेलला त्या दुपारची फार खंत होती. पण ती खंत लेकीजवळ बोलून दाखवायला जो मऊपणा लागतो, तो आणायचा कुठून?

अमॉसच्या अंत्यविधीला ती पहिल्या बाकावर बसली, हातमोजे न घालता. शेजारची जागा जोनेलची. जोनेल दारापर्यंत बरोबर आली आणि कुठे नाहीशी झाली कोण जाणे. जागा रिकामीच राहिली. 'एवढी दगड केली मी पोरीला,' व्हर्डेलच्या मनात आलं, 'की बापाच्या दिवशीसुद्धा तिला माझ्याजवळ बसवत नाही.'

विधवेच्या मागच्या बाकावर दोन सेविका बसवायची रीत. पण मुख्य सेविका मदर टॉल्बर्टनं दोघींनाही पलीकडे लुव्हेनियाच्या मागे धाडलं होतं, हे व्हर्डेलनं येता येताच पाहिलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या मागे कुणी नाही, हे ती समजून चुकली. तरीही वचन ते वचन. नाही धरलं कुणी, तर पडू जमिनीवर.

शवपेटीचं झाकण लावायची वेळ झाली. गाणाऱ्यांनी सूर उचलला आणि व्हर्डेलला रडू दाटून आलं. ती उभी राहिली. हात आपोआप वर गेला, डोळे मिटले.

"अमॉस! मलाही ने रे!"

लुव्हेनिया. अमॉसशी तिचं आयुष्यात कधी धड पटलं नाही, पण रडायचा मान तिचाच. मागच्या दोघी नवख्या पोरींच्या हातातून निसटून ती थेट पेटीवर चालली होती. व्हर्डेलनं डोळे उघडले. विचार करायला वेळच नव्हता. दोन ढांगांत जाऊन तिनं बहिणीला काखेत धरलं, चष्मा काढला, रुमाल टाकला. "रड बाई, रड. मी धरलंय." लुव्हेनियाला बसवून ती वळली, तोवर झाकण लागलं होतं.

"काय खंबीर बाई आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. व्हर्डेल जागेवर जाऊन बसली. रडू आलं होतं तसंच ते गेलं, आणि अमॉसला दिलेलं एकुलतं एक वचन मोडलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. जोनेल कोंबडीची आणि बटाट्याच्या सॅलडची ताटली घेऊन आली आणि शेजारी बसली.

"कुठे होतीस?" व्हर्डेलनं विचारलं.

"तुझ्या मागे."

"मागे कुठे?"

"मागच्या बाकावर. मदर टॉल्बर्टकडे हातमोजे मागितले मी. म्हणाली, 'पोरी, तुझ्या आईला कशाला हवंय कोण!' म्हटलं, असू दे, मी बसते, आणि हातमोजे घेतले." जोनेल ताटलीत काटा फिरवत राहिली. "डॅडींनी फोनवर बजावलं होतं मला. म्हणाले, 'शेजारी नको, मागे बस. शेजारी बसलीस तर ती तुलाच धरत बसेल.'"

व्हर्डेल तिच्याकडे वळली.

"तू हात वर केलास ना ममा, तेव्हा मी उठलेच होते. माझे हात एवढ्यावर होते तुझ्या पाठीपासून." तिनं बोटांनी अंतर दाखवलं, वीतभरही नव्हतं. "आणि तू गेलीस मावशीकडे."

"सांगायचं तरी होतंस गं."

"वाटलं, तू मागे बघशील."

यात टोमणा नव्हता, हेच व्हर्डेलला जास्त लागलं. कित्येक वर्षं तिनं चर्चमधल्या झाडून सगळ्या बायकांवर नजर ठेवली होती. आपल्या मागे कुणी असेल, हे तिला कधी सुचलंच नाही.

"हातमोजे आहेत का गं अजून?" तिनं हळूच विचारलं.

"सेविकांच्या खोक्यात ठेवले परत." जोनेलनं आईकडे नीट पाहिलं. मग ताटली बाजूला सारली आणि आपला उघडा हात तिच्या पाठीवर ठेवला. "हे हात आहेत ना."

तो हात जड होता आणि ऊबदार होता. व्हर्डेलनं पाठ थोडी सैल सोडली. आणखी थोडी सोडली. गेलेलं रडू परत येऊ लागलं.

"अगं, ते भाजीचं मोठं पातेलं उचला गं कुणीतरी!" स्वयंपाकघरातून मदर टॉल्बर्ट ओरडली. "व्हर्डेल आहे का तिकडे?"

पाठीवरचा हात निघाला. जोनेल उठून उभीसुद्धा राहिली होती.

"तू बस, ममा. मी आहे."

राहू दे पोरी, बस इथेच, उचलेल दुसरं कुणीतरी, असं व्हर्डेलला ओरडून सांगायचं होतं. पण जोनेल बाह्या वर सारत आत गेली होती, आणि मदर टॉल्बर्ट कौतुकानं सगळ्यांना सांगत होती, "आईवर गेलीय हो अगदी. दणकट!"