देवाला पाठ

गोवा राज्य झालं, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. भाषेची भांडणं जरा थंडावली होती आणि राजधानीतल्या कुणा साहेबाला वाटलं, आता खेड्यापाड्यांत सिंफनी पोचवली पाहिजे. खेड्यांनी ती मागितली होती अशातला भाग नव्हता. पहिला मान पेडणे महालातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, आमच्याच गावाला मिळाला, देवळासमोरच्या मंडपात.

मी सिंफनी वाजवणाऱ्या त्या सरकारी वाद्यवृंदात अकरा वर्षं दुसऱ्या फळीतलं व्हायोलिन वाजवत होतो. पहिली फळी चाल वाजवते, आम्ही खालून भर घालतो. वडील गावचे भजनी. ते मला ऐकायला एकदाही आले नव्हते. आता कार्यक्रम दारातच म्हटल्यावर त्यांची सुटका नव्हती. त्यांनी एकदा तरी मला ऐकावं, एवढंच मला हवं होतं. आठवडाभर मी जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालवत होतो.

आम्ही देवाकडे तोंड करून बसलो, तोवर सगळं ठीक होतं. मग हातवाऱ्यांनी वृंद चालवणारे संचालक आपली छोटी काठी घेऊन आमच्यासमोर उभे राहिले, ते देवाला पाठ करून. देवळाचे महाजन, म्हणजे पिढीजात कारभारी, उठले. सर्वांत पुढे माझे वडील.

"देवाक पाठ दाखोवन हांगा कोण उबो रावचो ना!"

दशावतार बघताना अख्खा गाव देवाला पाठ करून बसतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आज वडिलांना दुखवायचं नव्हतं. संचालक म्हणाले, मी फिरलो तर वादकांना माझे हात कसे दिसणार? "कित्याक दिसूंक जाय?" हात दिसायलाच कशाला हवेत, हा वडिलांचा सवाल. "वाजोवपाक येता न्हय तांकां?"

शेवटी देवालाच कौल लावायचं ठरलं. पुजाऱ्याने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही हलेना. तेवढ्यात उद्घाटनाला आलेल्या मंत्रिमहोदयांनी भाषण उरकून घेतलं, तरी हलेना. मग मागच्या रांगेतल्या ट्यूबावाल्याने कंटाळून आपल्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यातून एक सूर फुंकला आणि उजवी पाकळी टपकन खाली आली. गावाने हात जोडले. दोघा-तिघांनी ट्यूबावाल्यालाही नमस्कार केला.

वाजलं बरं. सिंफनीत टाळ्या अगदी शेवटी वाजवायच्या असतात, पण लोक प्रत्येक भागानंतर वाजवत होते आणि शेवटी आम्ही एका जुन्या नाट्यगीताची चाल घेतली, ती मंडपाने आमच्याआधी म्हणून संपवली. वडील पहिल्या रांगेत डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसले होते. मी जीव ओतून वाजवलं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांना गाठलं. "बाबा, म्हजें आयकलें?"

"तुजें वेगळें खंय आयकूंक आयलें? सगळ्यांचें मेळून एकूच."

दुसऱ्या फळीतल्या माणसाचं सगळं कसब वेगळं ऐकू न येण्यातच असतं. अकरा वर्षं मी तेवढंच शिकलो होतो आणि इतकी मोठी शाबासकी संचालकांनीही मला कधी दिली नव्हती. ती घेऊन मी घरी गेलो, आणि मला इतकं वाईट वाटलं की पानावर बसवेना.