शिकवलेलं उत्तर

मी हरलेले खटले पुष्कळ आहेत. पण लाज वाटते ती जिंकलेल्या एकाची.

नव्वदच्या दशकात भिवंडीच्या कोर्टात मी नवी नवी वकील होते. आमचे दोन अशील यंत्रमागावरचे कामगार होते. निजामपुऱ्यातल्या एका खोलीत दोघांची मिळून एकच खाट. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. निम्मं गाव तसंच झोपायचं. शुक्रवारी मात्र लूम बंद, सगळ्यांना सुट्टी. अशाच एका शुक्रवारी शेजाऱ्याने दाराच्या फटीतून डोकावलं आणि पोलिसांना बोलावून आणलं. पुरुषापुरुषांतले संबंध तेव्हा गुन्हा होते, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जायची.

"असल्या केसमध्ये तू कशाला? तुझं लग्न व्हायचंय अजून," आई म्हणाली. मी तिच्यावर खेकसले आणि तोच राग घेऊन सीनियरांकडे गेले.

"सर, हे कलमच चुकीचं आहे. त्यांनी कोणाचं काय बिघडवलं?"

"मग दिल्लीला जा. भिवंडीच्या कोर्टात कलम चुकीचं नसतं, साक्षीदार चुकीचा असतो."

मग पाळ्यांची युक्ती मीच काढली: खाट एक आहे ती पाळ्यांमुळे आणि गरिबीमुळे, दुसरं काही नाही. उलटतपासणीत शेजाऱ्याला विचारलं, "तुमच्या खोलीत किती जण झोपतात?"

"सात-आठ."

"आणि खाटा?"

"दोन."

"मग तुम्हालाही हेच कलम लावायचं का?"

सगळं कोर्ट हसलं. मला फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

राहिले आरोपींचे जबाब. मी दोघांना व्हरांड्यात उभं करून उत्तर पाठ करून घेतलं: हा माझा कोणी नाही, शिफ्ट वेगळी, भाडं परवडत नाही म्हणून खाट एक. दोघांतल्या वयाने थोरल्याने घडाघडा म्हणून दाखवलं. धाकटा दर वेळी 'कोणी नाही'पाशी अडखळायचा. मी वैतागले. "ठीक से बोलो, नहीं तो दोनों अंदर सड़ोगे!"

न्यायाधीशांपुढे तो अडखळला नाही. थोरल्याकडे न बघता, स्वच्छ आवाजात म्हणाला, "ये मेरा कोई नहीं है, साहब."

थोरल्याची मान खाली गेली. ती मी पाहिली, आणि फाईल आवरायला घेतली.

दोघे सुटले. बाहेर आल्यावर मी वर सल्लाही दिला, की आता एका खोलीत राहू नका, शेजारी टपलेलेच असतात. दोघांनी मुकाट माना हलवल्या. सुटका करणाऱ्या वकिलाचं कोण ऐकणार नाही? सीनियरांनी त्या दिवशी पेढे मागवले, आणि मी ते खाल्ले.

काही वर्षांनी बाजारात थोरला दिसला. केस पांढरे झाले होते. मी धाकट्याची चौकशी केली.

"वो गाँव चला गया, मॅडम. शादी हो गई, सुना है. चिट्ठी-विट्ठी नहीं आती." माझा चेहरा पडलेला त्याला दिसला असावा, कारण तो माझीच समजूत काढायला लागला. "अच्छा ही हुआ. कोर्ट में झूठ बोले थे ना, डर लगता था. अब वो झूठ नहीं रहा."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याने मनापासून हात जोडले, आणि माझ्या पाया पडायला वाकला.