बाथरूमजवळची खाट

मंडळी, आज बाबांच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होती. नंबर दहाचा, पण बाबांनी मला सातलाच दवाखान्यात नेलं आणि बाथरूमजवळची खाट धरली.

या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध दोन लिटर पाण्यातून प्यावं लागतं. मग धावाधाव! वॉर्डात सहा पेशंट, सगळे सत्तरीपुढचे, आणि बाथरूम एकच, तेही टोकाला. "आजकल रोज यही उमर आती है," सिस्टर म्हणाली.

शहपुऱ्याच्या एका आजींनी ग्लास खाली ठेवला. "हमसे दौड़ा नहीं जाता. घर चलो." महिन्यापासून त्यांना रक्त पडत होतं. सून रडकुंडीलाच आली.

माझे बाबा फॅक्टरीतले रिटायर्ड फोरमन. उठले, सगळ्यांना घड्याळ लावून बाथरूमपर्यंत चालवलं! जो सगळ्यात हळू, त्याची खाट बाथरूमजवळ. आपली खाट आजींना देऊन स्वतः पार लांब गेले. "पी लो बहनजी, शिफ्ट चालू हो गई!" वॉर्ड हसून हसून बेजार.

आजींच्या आतड्यात छोटी गाठ सापडली, डॉक्टरांनी लगेच काढली. बाबा ठणठणीत! आता आमच्या इथल्या गोरखपूर बाजारातली जिलबी मागून राहिले.

सहा महिने मी त्यांच्यावर ओरडत होते, "तपासणीला काहून नाही म्हणता?" आज रिक्षात म्हणाले, "बाथरूमपर्यंत पोचलो नाही तर, याचंच भेव होतं. म्हणून तर सातला आलो."

तुमच्या घरच्यांना कोणी विचारलंय का, भेव नेमकं कशाचं आहे?