पाटी खाली ठेवून मारलेली उडी

पुतणीच्या पुस्तकाला कव्हर घालताना गुळगुळीत कागदाचा वास आला आणि दुष्काळातली ती दुपार आठवली. पुणतांब्याजवळ तलावाच्या कामावर आई मातीच्या पाट्या वाहत होती. मी विशीतला, पिशवीत मजुरीवाढीची पत्रकं आणि एक रशियन मासिक. कामगारांचं राज्य दाखवायला मी ते बायकांपुढे उघडलं, तर मधल्या पानावर बॅले नाचणारी बाई, जमीन सोडून पार हवेत. मी घाईने पान उलटू लागलो.

“थांब रे,” आई म्हणाली. “लई उंच गेली ही. दोर बांधलाय का?”

“नाही गं. नाच आहे तो. आपल्याला काय त्याचं?”

“हिच्या डोक्यावर पाटी न्हाई ना, म्हून जमतं.”

तिने पाटी खाली ठेवली, मुकादम पाठमोरा आहे ना ते पाहिलं, लुगडं वर खोचलं आणि शेजारचा चर एका उडीत ओलांडला. बायका हसून लोटपोट झाल्या. आईही हसत माझ्याकडे पाहत होती.

“आई, लोक बघतात,” मी पुटपुटलो.

तिने पाटी उचलली. मी पत्रकं वाटू लागलो.

आज वाटतं, तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं: आई, पुन्हा एकदा.