आत्याचा सवाल

माझ्या बायकोच्या आत्याने ज्याला अजून नैतिक पेचात टाकलं नाही, असा माणूस नागपुरात असलाच तर तो नुकताच जन्मला असावा. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून आत्या निवृत्त झाली; पण चांगलं-वाईट माणसाला कोणत्या वयात, कोणत्या मुलखात कसं कळू लागतं, हे शोधायचं तिचं वेड काही निवृत्त झालं नाही. भाजीवाल्याला ती मेथीचा भाव नंतर विचारते. आधी विचारते, "उपाशी माणसानं तुह्या गाडीवरचा मुळा उचलला, तर तो चोर का गा?" चौकातले ऑटोवाले तर ती दिसली की आपसांत उत्तर ठरवून घेतात. खापरखेड्याच्या कॉलनीत एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा तिने पंगतीआधी पोरांना गोळा करून सवाल टाकला. एकाने चुकून आख्खी खिरीची कढई सांडली, दुसऱ्याने मुद्दाम एकच जिलबी लपवली. जास्त वाईट कोण? लहानगी पोरं ओरडली, "कढईवाला!" कारण कढई मोठी असते. जरा मोठी पोरं म्हणाली, जिलबीवाला, कारण त्याने मुद्दाम केलं. मागून जाणारा नवरीचा बाप मात्र पांढराफटक पडला, "खीर कोणी सांडली?" म्हणत भटारखान्याकडे धावला. आत्या माझ्या कानात म्हणाली, "पाह्य. मोठं झालं की माणूस आधी आपलं नुकसान पाह्यते."

या सवालांना आम्ही सगळे हसायचो. मग गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाच्या, घशात गाठ निघाली. नरखेडकडची संत्र्याची बाग सोडून ते कधी मुक्कामाला न राहणारे. त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणून ठेवलं. गाठ कॅन्सरची होती. ऑपरेशन केलं तर जीव वाचण्याची चांगली आशा होती, पण आवाज कायमचा जाणार होता. घरच्यांनी त्यांना सांगितलं, साधी सूज आहे. डॉक्टर म्हणाले, पेशंटला खरं सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि उशीरही करू नका. तरी कोणाची जीभ रेटेना. रोज सकाळी आम्ही सगळे हसऱ्या चेहऱ्याने खोलीत जायचो आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो.

शेवटी आत्याने सगळ्यांना दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि विचारलं, "सांगायचं का नाही? आणि काहून?" माझी धाकटी, बालवाडीतली, म्हणाली, खोटं बोललं की बाप्पा रागावतो. सातवीतली थोरली म्हणाली, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून बोललेलं खोटं चालतं. मेहुणा म्हणाला, "बाबा खचतील. आपल्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत." त्याची बायको हॉलंडची; दोघं तिकडूनच धावत आली होती. ती तिच्या मोडक्या मराठीत शांतपणे म्हणाली, "शरीर बाबांचं. मग बातमी पण बाबांची." मेहुणा तिच्यावर चिडला. सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या.

आत्याने चहा संपवला. "कोणीच चूक नाही," ती म्हणाली. "तिकडं बरं-वाईट माणूस एकटा मोजते, इकडं घर मिळून मोजते. पण सगळ्याइले विचारलं, एकाले राह्यलंच." आणि कोणी अडवायच्या आत ती जिना चढून गेली. आम्ही मागोमाग.

भावाच्या खाटेवर बसून तिने सरळ सांगितलं. एका माणसाच्या घशात कॅन्सर आहे; आवाज दिला तर जीव वाचते; घरचे हे त्याच्यापासून लपवून राह्यले. "त्यायचं बरोबर का, दादा?"

सासरे उठून उशीला टेकून बसले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तो माणूस मीच ना वं?"

"हो."

"मले पह्यल्या दिवशीच समजलं. सूज आली म्हणून कोणी हॉलंडवरून येते का?" मग मेहुण्याकडे वळून म्हणाले, "तुमी लपवलं ते मायेनं लपवलं. पण मीही तुमच्यासाठी नाटक करून राह्यलो होतो ना. लय थकलो." शेवटी सासूबाईंकडे बघून ते हसले. "आवाजाचं काय घेऊन बसले. लग्न झाल्यापासून हिनं मले बोलू देलं कुठं?"

सासूबाई रडता रडता हसल्या, आणि त्या खोलीतलं कितीतरी दिवसांचं मळभ एका क्षणात फाटलं. ऑपरेशन झालं. ते उत्तम पार पडलं. सासरे असे काही उभे राहिले की डॉक्टर त्यांना इतर पेशंटसमोर मिरवू लागले. या मोसमात त्यांनी बागेची तोडणी स्वतः उभं राहून करवून घेतली, मजुरांना नुसत्या हातवाऱ्यांनी इकडून तिकडे पळवलं, आणि संत्र्यांनी भरलेली पहिली गाडी रस्त्याला लागली तेव्हा टोपी हवेत उडवली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉलंडच्या सुनेने तर शिट्टी मारली.

आत्या तेवढी टाळ्या न वाजवता धुऱ्यावर, बागेच्या कडेच्या बांधावर, बसून होती. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं, आत्या? जिंकलो ना आपण?"

"जिंकलो तं," ती म्हणाली. "पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करन." मग हातातलं संत्रं न सोलताच तिने फिरवलं. "दादा मले 'चिमे' म्हणायचा. बाकी कोणी म्हणत नाही. आता कोणी म्हणणार बी नाही."

झाडांच्या रांगेतून सासरे तिच्याकडेच बघत होते. त्यांनी हात वर केला, जवळ ये म्हणून खूण केली, आणि त्यांचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. आत्या मात्र "आली, आली" म्हणत लहान मुलीसारखी उठली.