मोकळ्या प्लॉटवरची मेंढी

पोरांनो, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणं का सोडलंस, असं तुम्ही विचारलंत. राग आला की फोनवर माझं सांगणं मागेपुढे होतं, म्हणून क्रमाने लिहिते.

सेक्रेटरींचं वळसंगला रान आहे. उन्हाळ्यात ते तिथे मेंढरं बसवून घेतात, म्हणजे मेंढपाळाचा कळप रात्री रानात मुक्कामाला ठेवतात. लेंड्यांचं खत होतं, जमीन सुधारते. त्या मेंढपाळाला ते मामा म्हणतात, घरून भाकरी-कालवण पाठवतात. हे सगळं त्यांनीच मला कौतुकाने सांगितलेलं, त्या रानातली ज्वारी आणून देताना.

यंदा एप्रिलमध्ये एक मेंढपाळ नवरा-बायको कळप घेऊन आमच्या रस्त्याने चालले होते. वाटेतच एक मेंढी व्याली. तिला चालवेना, म्हणून सकाळपर्यंत थांबावं असं ठरवून ते कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर उतरले. बाईने गेटजवळच्या नळावर कळशी भरली. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर तिचा पाठमोरा फोटो आला. खाली इंग्रजीत लिहिलेलं, संशयास्पद लोक फिरताहेत, दारं लावून घ्या. पाठवणारे सेक्रेटरी. त्याखाली अंगठ्यांची रांग. एकाने तर मागे हरवलेली सायकलसुद्धा या मेंढपाळांच्याच माथी मारली.

मी चपला घालून निघाले. प्लॉटवर सेक्रेटरी आधीच पोचले होते आणि अंधार पडायच्या आत निघा, नाहीतर पोलिसांना बोलावतो, असं सांगत होते. मेंढपाळ नुसता त्यांच्याकडे बघत होता.

"मालक, वळखलं न्हाय व्हय?" तो म्हणाला. "मागल्या साली तुमच्याच रानात बसलो हुतो की."

सेक्रेटरींनी तेव्हा कुठे त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओशाळतील.

"ते रान होतं, मामा. इथं फॅमिलीवाले राहतात."

तोंडाने मामा म्हणाले आणि हाकललंही. त्याची बायको, ती व्यालेली मेंढी, ती कोणाची फॅमिली नव्हती? काठी तीच, पटका तोच. ज्याच्या भरवशावर रात्रभर रान सोडायचं, तो नळाजवळ दिसला की चोर!

मी म्हटलं, माझ्या अंगणात आणा मेंढीला, रात्रभर राहू दे. बाईने कोकरू झोळीत घातलं.

"नको आई. आमी गेल्यावर तुमालाच बोलतील."

ते निघाले. मेंढी दर चार पावलांवर थांबत होती, झोळीकडे बघत होती, पुन्हा चालत होती.

पावसाच्या तोंडावर सेक्रेटरी घरी आले. मी सवयीने चहाचं आधण ठेवलं. सोफ्यावर बसून ते कुरकुरत होते, दोनदा निरोप धाडला तरी मामा यंदा रानात आला नाही, शेजारच्याच्या रानात बसला.

"या लोकांचा काही भरवसा नाही बघा, काकू."

मी उठले आणि गॅस बंद केला.